गेलतो, वेंट आणि हॅड गॉन

साताऱ्यात किंवा सांगलीत कुणालाही विचारा, "काल कुठं गेलतास रं?" उत्तर येणार, "मिरजेला गेलतो." पुस्तकी मराठीत हेच वाक्य "गेलो होतो" असं लिहितात. आता याच माणसाला म्हणा, की हे इंग्रजीत सांग. दहापैकी आठ जण सांगतील, "आय हॅड गॉन टू मिरज यस्टरडे."

यात स्पेलिंगची चूक नाही. गो, वेंट, गॉन ही तिन्ही रूपं पाठ आहेत. तरीही ऐकणारा इंग्रज किंवा अमेरिकन क्षणभर थांबतो. त्याच्या कानाला ते वाक्य अर्धवट वाटतं. "मी गेलो होतो... बरं, मग? तेवढ्यात काय झालं?" त्याला नुसतं "आय वेंट" हवं असतं.

इंग्रजीची अनियमित क्रियापदं, म्हणजे ती तीन रूपांची यादी, आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षं घोकली जाते आहे. घोकून ती पाठही होते. मग काळ का चुकतात? ज्यांचे चुकतात त्यांना आपण 'इंग्रजी कच्चं' असं लेबल लावून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की यातल्या बऱ्याच चुका कच्चेपणाच्या नाहीत. त्या मराठीच्या इतिहासातून येतात आणि त्यांना चक्क तर्क आहे. तो तर्क शिकवणाऱ्यानं सांगितला तर चुका सुटतात. नाही सांगितला तर पोरगं स्वतःला ढ समजत राहतं. आज जरा या इतिहासाकडे बघू.

राजवाड्यातली इंग्रजी पहिली

साताऱ्याचं राज्य कंपनी सरकारनं १८४८ मध्ये खालसा केलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तिथून पुढे इंग्रजी हा सरकारी नोकरीचा आणि कॉलेजचा दरवाजा झाला. शाळेची रचनाही तशीच होती. आधी मराठी चार इयत्ता, मग 'इंग्रजी पहिली' ते 'इंग्रजी सातवी', म्हणजे मॅट्रिक. आजच्या हिशेबानं इंग्रजी पहिली म्हणजे पाचवी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. पुढे हीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पाठ करून घेतल्या, असं बाबासाहेबांच्या चरित्रांतून वाचायला मिळतं.

तर्खडकरांचं नाव मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या घेतलं गेलं. पद्धत साधी: एकेक धडा, थोडे शब्द, थोडे नियम, आणि मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. ज्या मुलाला गावात एकही इंग्रजी बोलणारा माणूस भेटणार नव्हता, त्याच्यासाठी ही पद्धत वरदान होती. पुस्तक आणि दिवा, एवढ्यावर इंग्रजी शिकता येत होतं. ज्याला वर्गात इतरांपासून दूर बसावं लागत होतं, त्या मुलासाठी तर ही गोष्ट किती मोठी!

पण भाषांतर पद्धतीची एक बाजू अशी, की तिच्यातून एक समीकरण डोक्यात बसतं:

केले = डिड
केले आहे = हॅव डन
केले होते = हॅड डन

पुढे हे समीकरण गाइडांत उतरलं, शिकवण्यांत उतरलं. परीक्षेत मार्कही मिळवून देऊ लागलं. आणि इथेच खरी गोम आहे.

१९१९: दोन शाळा, दोन टोकं

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी दोघांचं मूळ बरंचसं एकच. सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे जुन्या सातारा जिल्ह्यातलं, आज सांगलीत.

या एका पट्ट्यात १९१९ साली दोन गोष्टी घडल्या. सांगली-मिरजेच्या मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज काढलं. इथं इंग्रजी साहित्य इंग्रजीतून शिकवलं जाणार होतं. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कष्ट करून शिकायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज.

रयतच्या शाळा जसजशा खेड्यापाड्यांत गेल्या तसतशी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची घरंच बदलली. आता शिकणाऱ्याच्या घरी सुभेदार रामजींसारखा इंग्रजी जाणणारा बाप नव्हता. बऱ्याच ठिकाणी शिकवणारे गुरुजीही त्यांच्या घरातले पहिलेच शिकलेले. वर्गात बोलणं 'गेलतो-आलतो'चं आणि फळ्यावर 'हॅड गॉन'. गुरुजींच्या हाती पाठ्यपुस्तक, भाषांतराची सवय, आणि पुढे पुढे रेन अँड मार्टिनचं व्याकरण. (यातला रेन म्हणजे पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला आणि १९२४ मध्ये 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकथा लिहिणारा तोच हा माणूस.) त्या सामग्रीत तीन रूपांची यादी घोकून घेणं हेच सगळ्यात भरवशाचं काम होतं, आणि ते गुरुजींनी इमानानं केलं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आपलं दुसरं रूप गेलं कुठं?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी मुलाला इंग्रजीचं दुसरं आणि तिसरं रूप यांत गोंधळ का होतो?

कारण मराठीत तो भेदच नाही. 'तो गेला' आणि 'तो गेला आहे' ही वाक्यं बघा. दोन्हींत 'गेला' तेच. इंग्रजीत मात्र 'ही वेंट' आणि 'ही हॅज गॉन'. आपल्याकडे एक रूप, त्यांच्याकडे दोन. म्हणून 'आय हॅव वेंट' किंवा 'ही गॉन' अशी वाक्यं पडतात. पोरानं मराठीचा नियम अगदी बरोबर लावलेला असतो, फक्त भाषा चुकते.

पण मराठीत कधी हा भेद नव्हता का? होता, म्हणजे मराठीच्या पणजीकडे होता. संस्कृतात भूतकाळाची स्वतंत्र रूपं होती: अगच्छत्, अगमत्, जगाम. आणि त्याशिवाय 'गत' हे धातुसाधित विशेषण होतं, म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत 'थर्ड फॉर्म'. प्राकृतांच्या काळात लोक बोलताना अगच्छत् आणि जगाम टाकून देऊ लागले आणि सगळं काम 'गत'वर भागवू लागले. त्या 'गत'ला पुढे 'इल्ल' प्रत्यय लागला आणि घासून घासून 'गेला' झाला. म्हणजे मराठीचा सगळा ल-वाला भूतकाळ मुळात थर्ड फॉर्म आहे! सेकंड फॉर्म आपण केव्हाच सोडून दिला.

याचा पुरावा आपण रोज बोलतो. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली', 'मी बोर खाल्लं'. खाणारा मीच, पण क्रियापद बदलतं ते आंबा-चिंच-बोराप्रमाणे. कारण मूळ अर्थ 'माझ्याकडून खाल्ला गेलेला आंबा' असा आहे. विशेषण आंब्याचं, म्हणून लिंगही आंब्याचं. हे सगळं झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या जडणघडणीवरच्या ग्रंथात नीट मांडलं आहे.

यातली खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीचं 'सिंग-सँग-संग' मधलं 'सँग' कुठून आलं? स्वर बदलून भूतकाळ करायची ही रीत ज्या प्राचीन रूपातून आली, त्याच रूपाचा संस्कृतातला वारस म्हणजे 'जगाम'. सर विल्यम जोन्सनं १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याबद्दल जे सांगितलं, त्याच मोठ्या कुटुंबातली ही गोष्ट. वडिलोपार्जित एक जिन्नस आपल्या शाखेनं मोडीत काढला, त्यांच्या शाखेनं सांभाळून ठेवला, आणि आता तोच आपल्याला परका म्हणून पाठ करावा लागतो.

अनियमित आपणही आहोत

'इंग्रजीला काही नियमच नाही' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. मग जरा मराठीकडे बघू.

बसणे-बसला, उठणे-उठला. ठीक. मग करणे-'करला' का नाही? केला. मरणे-मेला. पण भरणे-भरला! जाणे-गेला, येणे-आला, होणे-झाला. पडणे-पडला, पण उडणे-उडाला. लागणे-लागला, पण मागणे-मागितला. रांगणे-रांगला, पण सांगणे-सांगितला. लहान मूल बोलायला लागतं तेव्हा 'मी करलं' म्हणतं, आपण हसून 'केलं म्हण' असं सांगतो. इंग्रजांचं पोर त्याच वयात 'गोड' म्हणतं, आपल्या 'गोड'सारखं, म्हणजे गो ला ईडी लावून. दोघांनी नियम शोधून काढलाय, अपवाद अजून कळायचे आहेत.

विल्यम कॅरेनं १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. तेव्हापासून मराठी शिकणाऱ्या प्रत्येक साहेबाला केला-मेला-गेला-आला हे आपल्या पोरांसारखंच घोकावं लागलं असणार.

आणि कारणही एकच आहे. 'केला' हा 'कृत'चा, 'मेला' हा 'मृत'चा, 'आला' हा 'आगत'चा वंशज. 'जा' हा 'याति'मधून आला आणि 'गेला' हा 'गत'मधून. म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंचा संसार एका क्रियापदात. 'हो' आणि 'झाला' यांचंही तसंच: एक 'भू'चा, दुसरा 'जात'चा. इंग्रजीत 'गो'चा स्वतःचा जुना भूतकाळ मेला आणि 'वेंड' (वळणे, वाट धरणे) या क्रियापदाचा भूतकाळ 'वेंट' तिथं येऊन बसला. 'जा-गेला' आणि 'गो-वेंट' हा एकच प्रकार आहे. वर्गात 'गो-वेंट'वर तोंड वाकडं करणाऱ्या मुलाला हे एवढंच सांगितलं तरी यादी निम्मी हलकी होते.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर नियमित क्रियापद म्हणजे फंक्शन. धातू आत टाका, ईडी लागून बाहेर येतो. अनियमित क्रियापद म्हणजे लुकअप टेबल. टेबलात नोंद असेल तर ती उचला, नसेल तर फंक्शन चालवा. टेबलात नोंद टिकते ती वारंवार वापरली गेली तरच. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं होतं. त्या लोकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली १४५ अनियमित राहिली, आज ९८. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं ते दहापट वेगानं नियमित होतं. आणि इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं, बी, हॅव, डू, गो वगैरे, दहाच्या दहा अनियमित!

याचा अर्थ असा, की यादी वाढत नाही. नवं क्रियापद आलं की ते मुकाट्यानं ईडी लावतं: ईमेल्ड, गूगल्ड. आपल्याकडे तर नवं क्रियापद आलं की त्याला 'करणे' चिकटतं: ईमेल केला, डाउनलोड केलं. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या शब्दाच्या मागे 'कृत'चा नातू उभा!

पण मुलाखतीत हे कोण ऐकणार?

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालेलं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग १९६० चं. जत, आटपाडी, माण, खटावकडची पोरं तिथून शिकून पुण्या-बंगळुरात येतात. प्रोग्रॅमिंगला कच्ची नसतात. मुलाखतीत विचारतात, "हॅव यू वर्क्ड ऑन डेटाबेसेस?" पोरगं म्हणतं, "येस, आय हॅड वर्क्ड." त्याच्या मनात 'केलतं की' असतं. समोरच्याला ऐकू येतं, 'कधीकाळी केलं होतं, आता संबंध नाही.' पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. पोरगं बाहेर येऊन म्हणतं, इंग्रजीनं घात केला.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आता यादी घोकायला पाचवीपर्यंत थांबावं लागत नाही. पण 'केले होते = हॅड डन' हे समीकरण तसंच राहिलं तर पाचवीऐवजी दुसरीत चूक पक्की होईल, एवढाच फरक.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी पुरेशा वाटतात.

पहिली: 'गेलतो' म्हणजे 'हॅड गॉन' नव्हे. आपल्या 'गेलतो'चा अर्थ बहुतेक वेळा 'जाऊन आलो, विषय संपला' एवढाच असतो. त्याला इंग्रजीत साधं 'वेंट'. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा भूतकाळात दोन गोष्टी आहेत आणि त्यातली आधीची सांगायची आहे. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती.' इथं एसटी आधी गेली, मी नंतर पोचलो. इथं 'हॅड गॉन' अगदी चपखल.

दुसरी: वेळ सांगितली की 'हॅव' नको. 'मी कालच आलोय' हे मराठीत शंभर टक्के शुद्ध आहे. इंग्रजीत 'काल' आलं की 'केम'. 'आय हॅव कम यस्टरडे' चालत नाही. इंग्रजीच्या 'हॅव'ला आत्ताशी नातं हवं असतं. मुलाखतीतल्या त्या पोराचं उत्तर म्हणूनच 'आय हॅव वर्क्ड' असं हवं होतं: अनुभव आजही माझ्यापाशी आहे.

तिसरी: 'डिड' आला की भूतकाळ त्यानं खाल्ला. 'तो गेला नाही' यात आपला 'गेला' भूतकाळातच राहतो, नकार नुसता शेजारी येऊन बसतो. म्हणून पोरं 'ही डिड नॉट वेंट' लिहितात. इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा, आणि तो 'डिड'नं दाखवला. मागे उरतो तो मूळ 'गो'. तेही पूर्वी आपल्यासारखंच बोलायचे. १६११ च्या बायबलात 'वेंट नॉट' या धाटणीची वाक्यं आहेत. नंतर 'डिड' रुळला.

आगरकर आपल्याच टेंभूचे, कराडशेजारचे. जन्म १८५६ चा. समाजसुधारक म्हणून सगळे ओळखतात, पण १८८८ मध्ये त्यांनी 'वाक्यमीमांसा' हे वाक्यांच्या पृथक्करणावरचं पुस्तकही लिहिलं होतं. इंग्रजी शिकलेल्या माणसानं इंग्रजी व्याकरणाची हत्यारं घेऊन मराठी वाक्य उघडून बघितलं. आज वर्गात याच्या उलट करायची गरज आहे: मराठी वाक्य कसं चालतं हे आधी दाखवायचं आणि त्या उजेडात इंग्रजी शिकवायचं. 'गेलतो' ही अशुद्ध बोली म्हणून फळ्यावरून पुसायची नाही. ती फळ्यावर लिहायची, शेजारी 'वेंट' लिहायचं, आणि दोघांचा इतिहास सांगायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

जाता जाता एक. इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक बोलींत लोक सर्रास 'आय सीन इट', 'आय डन इट' म्हणतात. म्हणजे त्यांचंही दुसरं आणि तिसरं रूप एकमेकांत मिसळू लागलंय. फ्रेंच बोलण्यातून साधा भूतकाळ जवळजवळ गेलाच आहे. आपण हे काम दीड-दोन हजार वर्षांपूर्वी उरकून घेतलं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, फक्त ते लोक आपल्यापर्यंत पोचेपर्यंत यादी पाठ करावी लागेल.

असो. पुढच्या शनिवारी 'ए', 'ॲन' आणि 'द'बद्दल. तिथं तर आपल्याकडे समीकरण मांडायलाही काही नाही!